परकी दृष्टि, घरचें दृश्य

यूरोपांतील अल्पपरिचित चित्रपट आवडीनें शोधणाऱ्या रसिकांस आपल्याकडील एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांत ना नायक होता, ना कथा; स्थानकांत शिरणारी आगगाडी, कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार, असेच विषय. त्या नव्या कलेनें भारलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला; परंतु १८९९ सालीं त्यांनीं टिपली ती मुंबईंतील कुस्ती, आणि १९०१ सालीं रँग्लर परांजप्यांचें स्वागत.

नाशिक जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचेंहि तसेंच. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना त्यांच्या डोळ्यांपुढें राम-कृष्ण उभे राहिले. आणि १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वीं त्यांनीं चित्रित केली ती वाटाण्याच्या रोपाची वाढ.

दोघांनींहि दृष्टि परक्यांची घेतली, दृश्य मात्र घरचें शोधलें. पुराणकथा आपण स्मरतों. कुस्ती आणि अंकुर विसरतों. यूरोपीय वास्तवपटांची थोरवी गातांना, तीच वाट आपल्याहि अंगणांतून निघाली होती, याची जाण आपणांस नको काय?