सेवा करायला आले, शिकून गेले



गावात कॉलेजचं शिबिर येतं, हे आपल्याला आता नवीन नाही. मुलंमुली सात दिवस शाळेत मुक्काम करतात. सकाळी रस्ता झाडतात, ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालतात, संध्याकाळी देवळापुढे पथनाट्य करतात. आपल्यातल्या कुणीतरी त्यांना भाकरी थापून देतं, आणि आठव्या दिवशी एसटीत बसून ती परत जातात. गटाच्या बैठकीत आमच्यात एकदा विषय निघाला, की शिकणाऱ्या मुलांनी गोरगरिबांच्या दारात जाऊन काम करावं, ही कल्पना मुळात आली कुठून? सरकारी योजना तर अलीकडची. त्याच्या आधी काय होतं?

शोधायला गेलो तर एक मोठा धागा ख्रिस्ती शिक्षणसंस्थांकडे, त्यातही कॅथलिक कॉलेजांकडे गेला. आमच्या तुडीलच्या खाडीपट्ट्यात देऊळ आहे, मशीद आहे, बुद्धविहार आहे. चर्च मात्र आपल्यातल्या बहुतेकींनी मुंबईला गेल्यावरच पाहिलं. तरीही हा इतिहास आपल्या कामाचा आहे, म्हणून आज तो सांगतो.

गोष्ट सुरू होते फ्रान्स देशात, पॅरिस शहरात. साल १८३३. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ येऊन गेली होती आणि हजारो माणसं दगावली होती. तिथल्या विद्यापीठात फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा मुलगा शिकत होता. तो आणि त्याचे मित्र मंडळ भरवून धर्मावर, इतिहासावर वाद घालायचे. विरोधी बाजूच्या मुलांनी त्यांना टोकलं, की तुमच्या धर्मानं पूर्वी मोठी कामं केली असतील, पण आज तुम्ही स्वतः काय करता? हा प्रश्न ओझानामच्या मनाला लागला. त्यानं आणि मोजक्या सोबत्यांनी ठरवलं, की बोलणं पुरे, गरिबांच्या घरी जायचं. त्यातून पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल या संताच्या नावाची संस्था उभी राहिली. आज ती जगभर आहे आणि भारतातही आहे.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट याच्या पुढची आहे. या मुलांकडे मन होतं, अक्कल नव्हती. कुणाच्या घरी जायचं, तिथे काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांना हे शिकवलं रोझली रांडू नावाच्या एका सिस्टरने. ही बाई पॅरिसच्या अगदी गरीब वस्तीत वर्षानुवर्षं राहून काम करत होती. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुणाची चूल दोन दिवस पेटली नाही, हे तिला माहीत होतं. तिने मुलांना घरं नेमून दिली आणि गरिबाच्या दारात कसं उभं राहायचं, ते शिकवलं. म्हणजे विद्यापीठातल्या मुलांची गुरू कोण, तर वस्तीत राहणारी एक बाई. हे लक्षात ठेवा.

आता दुसरा धागा, तोही फ्रान्सचाच, पण थोडा आधीचा. तिथे राज्यक्रांती झाली तेव्हा सरकारनं १७९० मध्ये मठांवर बंदी आणली. धर्माला वाहून घेतलेल्या बायकांनी जायचं कुठे? तेव्हा मारी-अ‍ॅडलेड द सिसे नावाची बाई आणि पिएर द क्लोरिव्हिएर नावाचे धर्मगुरू यांनी नवाच मार्ग काढला. मठ नको, वेगळा झगा नको. चारचौघींसारखं साधं राहायचं, लोकांत मिसळायचं आणि तिथूनच देवाचं आणि माणसांचं काम करायचं. या संघाचं नाव डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी. बंदीमुळे जी वाट धरावी लागली, तीच पुढे त्यांची खूण झाली. वेगळा पोशाख नसल्यामुळे त्या कुठेही, कुणाच्याही घरात सहज जाऊ शकत.

हाच संघ पुढे मुंबईत आला आणि १९५५ मध्ये त्यांनी निर्मला निकेतन हे समाजकार्याचं कॉलेज सुरू केलं. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या बाजूला ते आजही आहे. मुंबई विद्यापीठाला जोडलेलं आहे, आणि तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलंमुली शिकतात.

त्या वेळी मुंबईत हे काम अगदीच नवीन होतं असं नाही. आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तुम्हाला आठवत असतील. कामगार चळवळीतलं मोठं नाव. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातलीच माणसं राबत होती. पुढे क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं नागपाड्याच्या वस्तीत केंद्र चालवलं आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था मुंबईत सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मॅनशार्ट कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट पंथाचे होते. पण वस्तीत राहून शिकायचं, ही पद्धत तीच.

निर्मला निकेतनमध्ये शिकवण्याची रीत काय, ते समजून घेऊ. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला असतं. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थिनी वस्तीत, दवाखान्यात, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करते. परत आली, की आज काय पाहिलं, काय केलं, कुठे अडलं, याचा अहवाल लिहिते. दर आठवड्याला शिक्षिकेबरोबर बसून त्यावर बोलते. शिवाय खेड्यात शिबिर असतं. सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र रांधायचं, जेवायचं आणि रात्री गोल बसून दिवसाचा हिशेब मांडायचा. आपला गट दर बैठकीला इतिवृत्त लिहितो, तसंच हे. लिहिलं नाही तर विसरलं जातं आणि बोललं नाही तर मनात राहतं.

या कॉलेजातून काय निघालं, याची दोनच उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण हेझल डिलिमा यांचं. त्या निर्मला निकेतनच्या प्राचार्य होत्या. महाराष्ट्रातल्या पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांत ज्या बायका सदस्य होत्या, त्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. तेव्हा बायकांना आजच्यासारखं आरक्षण नव्हतं. १९६१ च्या कायद्याप्रमाणे बाई निवडून आली नाही, तर एखाददुसरीला नेमून घ्यायचं, एवढीच सोय. त्यामुळे सदस्य झालेल्या बायका बहुतेक बड्या, जमीनदार, राजकारणी घरांतल्या असत. आपल्यासारखीला तिथे वाट नव्हती. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आज आपल्या गटातल्या बाया ग्रामपंचायतीत बसतात. ते एका पुस्तकामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. पण आरक्षण नव्हतं तेव्हा धर्माच्या वाटेनं सेवेत आलेली एक बाई आपल्या पंचायतींकडे पाहत होती आणि तिथे खुर्चीवर कोण बसतं ते लिहून ठेवत होती, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

दुसरं उदाहरण जोगेश्वरीचं. तिथल्या झोपडपट्टीत या कॉलेजच्या क्षेत्रकार्यातून तरुणांचं काम वाढलं आणि १९८४ मध्ये युवा नावाची संस्था उभी राहिली. घराचा हक्क, पाणी, रेशन यासाठी वस्तीतल्या लोकांना संघटित करण्याचं काम ती करत आली आहे. आता वाटून द्यायचं नव्हतं, लोकांनी स्वतः मागायला उभं राहायचं होतं. सेवेची वाट इथे वळली.

हे वळण फक्त मुंबईत आलं नाही. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. चर्चनं आपल्या भिंतीआड न राहता जगाच्या सुखदुःखात सामील व्हावं, असं त्या परिषदेनं ठरवलं. येशूसंघ नावाचा जो शिक्षणात काम करणारा मोठा संघ आहे, त्याचे त्या काळातले प्रमुख होते पेद्रो आरुपे. हे मूळचे स्पेनचे, डॉक्टरकी शिकलेले. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते शहराच्या कडेला आपल्या संघाच्या घरात होते. त्यांनी त्या घराचाच दवाखाना केला आणि भाजलेल्या माणसांवर उपचार केले. याच आरुपे यांनी १९७३ मध्ये संघाच्या शाळा-कॉलेजांतून शिकून गेलेल्या लोकांपुढे भाषण केलं. दुसऱ्यासाठी जगणारी आणि अन्याय ओळखणारी माणसं घडवणं, हेच शिक्षणाचं काम, असा त्याचा सार होता. तशी माणसं आपण आजवर घडवली का, हा प्रश्न त्यांनी आपल्याच लोकांना विचारला. ते ऐकून बरेच जुने विद्यार्थी नाराजही झाले.

मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाचं, १८६९ पासूनचं. तिथे विद्यार्थ्यांना साठ तास समाजात जाऊन काम करावं लागतं. शिकवण्या घेणं, दवाखान्यात मदत, वृद्धांची सोबत, असं काहीही. सह्याद्रीच्या पलीकडे लवासाला ज्या ख्राइस्ट विद्यापीठाची शाखा आहे, तेही कॅथलिक धर्मगुरूंच्या संघानं काढलेलं. आणि आपल्या गावात येणारं शिबिर असतं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं. ती योजना सरकारनं २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू केली. त्यात मुलाला दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं असतं. तिला कुठल्याही धर्माचा रंग नाही, पण वाट याच जातीची आहे.

आता मनातलं बोलतो. धर्माच्या नावानं कुणी मदतीला आलं, की गावात लगेच कुजबुज होते. यांना आपल्याला बाटवायचं तर नाही ना? या शंकेला इतिहासात कारणं आहेत, ती खोटी म्हणता येत नाहीत. पण कसोटी सोपी आहे. मदत देताना अट घातली का? आमच्या प्रार्थनेला बसा, नाव लिहा, फोटो काढा, मग पोतं उचला, असं सांगितलं का? अट असेल तर ती सेवा नव्हे, मग ती कुठल्याही धर्माची असो. येशूनं सांगितलेली एक गोष्ट ख्रिस्ती लोक वारंवार सांगतात. वाटेवर एक माणूस जखमी होऊन पडला. धर्मातली दोन मोठी माणसं त्याला पाहून बाजूनं निघून गेली. थांबला तो तिसराच, ज्याच्या जमातीला ते लोक तुच्छ मानत. त्यानं जखमा बांधल्या, धर्मशाळेत नेलं, खर्च दिला. तू कोणाचा, कोणत्या देवाचा, असं काही विचारलं नाही. वारीत वारकऱ्याला भाकरी वाढणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. रमजानमध्ये जकात काढणाऱ्या आपल्या शेजारणीलाही नाही.

आपण हे पाहिलंही आहे. २२ जुलै २०२१ ला महाडात पूर आला, तळियेची दरड कोसळली. त्या दिवसांत सगळ्या धर्मांची, पंथांची, कॉलेजांची माणसं तालुक्यात आली. चिखल उपसला, जेवणं दिली, औषधं दिली. त्यांचे उपकार आहेतच. पण असं संकट आलं, की काही ठिकाणी तांदळावर तांदूळ येतो, जुन्या कपड्यांचे ढीग पडतात, आणि आतल्या वाडीतल्या बाईला हवे असलेले सॅनिटरी पॅड, बाळाचं दूध किंवा कोरडं सरपण कुणाच्या यादीत नसतं. कारण यादी करताना तिला कुणी विचारलेलं नसतं. तिथे रोझली रांडूसारखी घरोघरची माहिती असलेली बाई लागते. आणि ती बाई आपल्या गटातच असते.

दान आणि हक्क यांतला फरक तर महाडला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे, माणसाचा हक्क म्हणून. पॅरिसपासून जोगेश्वरीपर्यंत सेवेला जे समजायला दीडशे वर्षं लागली, ते आपल्या तालुक्यानं आधीच करून दाखवलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही कॉलेजची, संस्थेची मुलं गावात येणार असं कळलं, की गटानं तीन कामं करावीत, असं आम्हाला वाटतं.

एक, ती येण्याआधी बैठक घेऊन आपली यादी आपण करावी. बंधारा कुठे हवा, कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाचं रेशनकार्ड अडलंय, विधवा बहिणीचा निराधार योजनेचा अर्ज कुणाचा राहिलाय. रस्ते आपण झाडू शकतो. अर्ज भरायला शिकलेली मुलं कामी येतात.

दोन, त्यांना एकेका घरी न्यावं, आणि नेणारी बाई गटातली असावी. त्यांना आपलं काम दाखवावं. लावणी कशी करतात, पाणी किती लांबून आणतात, गटाचं कर्ज कसं फिरतं. ही मुलं उद्या अधिकारी होतील, डॉक्टर होतील, बँकेत बसतील. आपल्या दारात जे शिकतील, ते तिथे घेऊन जातील.

तीन, निघायच्या आदल्या रात्री त्यांच्यासोबत बसावं आणि विचारावं, की काय राहिलं, पुढे कोण करणार, तुम्ही परत कधी येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवावं.

मुलं सात दिवसांची पाहुणी असतात. गाव आपलं कायमचं आहे. ती देवाच्या नावानं येवोत की देशाच्या, त्यांना शिकवून पाठवणं हे आपल्या हातात आहे.