घाटापलीकडची जाई

आमच्या दादांचा दुकानात एक नियम होता. जाईची ऑर्डर खंबाटकी घाटाच्या पलीकडची असली तर घ्यायची नाही. मुंबईला शेवंती जाईल, गोंडा जाईल, गुलछडीच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून जातील, पण जाई जाणार नाही. कळी असताना खुडलेली जाई संध्याकाळी उमलते आणि सकाळ व्हायच्या आत तिच्या कडा तपकिरी पडतात. रात्रीच्या एस.टी.ने पाठवली तरी दादरला जे उतरेल त्याला जाई म्हणवणार नाही. गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर दादा म्हणायचे, "पैसे इथं ठेवा, पत्ता द्या. दादरला आपला माणूस आहे, तो तिकडची जाई तिकडं पोचवील. फूल कशाला हिंडवताय? निरोप हिंडू द्या की."

वाईच्या गणपती आळीतलं आमचं दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. तिथे बसून दादा ज्या हिशेबाने ऑर्डरी घेत होते, त्याच हिशेबावर युरोप-अमेरिकेत फुलवाल्यांचे मोठाले संघ उभे राहिले आहेत, याचा त्यांना गंध नव्हता. मलाही ते दुकान हाती आल्यावर कळलं.

बर्लिनचा मॅक्स ह्यूबनर हा मूळचा फुलवालाच. तेव्हा तिकडे दुसऱ्या गावी फुलं पाठवायची म्हणजे खोक्यात घालून आगगाडीत चढवायची, आणि पोचेपर्यंत त्यांनी माना टाकलेल्या असायच्या. १९०८ साली ह्यूबनरने गावोगावच्या दुकानदारांना जोडून घेतलं. माझ्या गावची ऑर्डर तुझ्याकडे आली तर मला कळव, तुझ्या गावची माझ्याकडे आली तर मी कळवतो. १९२७ मध्ये या साखळीला फ्लेरॉप हे नाव मिळालं. अमेरिकेत १९१० साली पंधरा फुलवाले एकत्र आले आणि एकमेकांना तारेने ऑर्डरी कळवू लागले. त्यांनी खूण म्हणून घेतला मर्क्युरी, टाचांना पंख असलेला रोमन देवांचा जासूद, हातात गुच्छ घेऊन पळणारा. बड्या शहरांतल्या बड्या दुकानांनीच हे केलं असंही नाही. इंग्लंडमधून या संघात शिरायची खटपट १९२० च्या सुमारास ज्यांनी केली, त्यांतला कार्ल एंगलमान हा सॅफ्रन वॉल्डन नावाच्या छोट्या गावात कार्नेशन पिकवणारा माणूस. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हे सगळे संघ मिळून इंटरफ्लोरा झाली.

या सगळ्यात मला खरं कुतूहल वाटलं ते पैशांच्या व्यवहाराचं. एका देशातल्या दुकानात पैसे भरायचे, दुसऱ्या देशातल्या दुकानाने फुलं द्यायची, आणि मधे प्रत्येक देशाचं चलन वेगळं. त्यावर या लोकांनी स्वतःचं कागदोपत्री चलनच काढलं. त्याचं नाव फ्ल्यूरिन, भाव स्विस फ्रँकला बांधलेला. ते कुणाच्या खिशात कधी खुळखुळलं नाही, पण त्यात देण्याघेण्याची वजाबाकी होऊन उरेल तेवढाच पैसा इकडून तिकडे जायचा.

आमच्याकडे हे काम रिकाम्या करंड्या करायच्या. वाईच्या आसपासच्या मळ्यांतला गोंडा आणि शेवंती दादा करंड्यांत भरून रात्रीच्या गाडीच्या टपावर चढवत. पहाटे दादरच्या फूलबाजारात अडत्याकडे त्या उतरायच्या. दोन दिवसांनी रिकाम्या करंड्या एकात एक घालून परत यायच्या आणि सगळ्यांत आतल्या करंडीच्या तळाशी, सुतळीने बांधलेली, अडत्याची पट्टी असायची. भाव, हमाली, अडत, शिल्लक. त्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने निरोप लिहिलेले असत. वाई-जावळीकडचे गिरणीत, गोदीत काम करणारे चाकरमानी दादरला त्याच अडत्याच्या गाळ्यावर येऊन सांगून जायचे, की गुरुवारी आईच्या नावाने दत्ताला हार, बहिणीला नागपंचमीला वेणी, म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाला तुळस आणि पांढरी फुलं. पैसे अडत्या ठेवून घ्यायचा आणि दादांच्या पट्टीत जमा धरायचा. इकडून दादरला जाईची ऑर्डर गेली तर उलटी वजावट. हा हिशेब वर्षानुवर्षं तोंडावर आणि पेन्सिलीवर चालला. ज्यांचा अडत्याशी संबंध नव्हता ते मनीऑर्डर करत. १८८० पासून टपाल खातं मनीऑर्डर पोचवत होतं, आणि खालच्या कूपनवर चार शब्द लिहायची सोय होती. त्या चार शब्दांत लोक कायकाय बसवायचे! पैसे पाचच रुपये, आणि मजकूर अमावास्येपासून पुढच्या चतुर्थीपर्यंतचा.

दादांची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात नावं फार थोडी, खाणाखुणा जास्त. "गंगापुरी, उतारावरचं तिसरं दार, बाई. गुरुवार. पिवळी शेवंती. गुलछडी नको, डोकं चढतं." त्याखाली, "मधली आळी, माडीवर. सून घेते, सासूला सांगायचं नाही." ही कुणाची भानगड होती ते दादांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका पानावर नुसतं "कडी काढू नये, खिडकीत ठेवावी" असं आहे. अशा खुणांसाठी त्या गावातला, रोज त्या बोळातून जाणारा फुलवालाच लागतो. बर्लिनच्या माणसालाही हेच हवं होतं.

रोज त्या बोळातून जायचं कारण अर्थात फुलपुडी. फुलांचा रतीब हा आमच्या धंद्याचा कणा होता आणि अजून बराचसा आहे. कर्दळीचं किंवा केळीचं पान घ्यायचं, मधोमध दोन गोंडे, एक जास्वंद, चार तगरी, वर दूर्वांची जुडी, तुळशीची मंजिरी, सोमवारी बेल. पान चारी बाजूंनी दुमडायचं आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने आवळायचं. दोरा आधी पाण्यात भिजवलेला हवा, नाहीतर गाठ मारताना तुटतो. ही पुडी भल्या पहाटे कडीला अडकवायची. पानाची जागा मग वर्तमानपत्राने घेतली, त्याची प्लॅस्टिकच्या पिशवीने, आणि २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर आम्ही पुन्हा कागदावर आलो. पान काही परत आलं नाही. पान दुमडायला वेळ लागतो आणि वेळाचे पैसे पुडीत निघत नाहीत.

फुलं पोचवण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं आमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात जाऊन या मंडळींनी फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुलं पुरवली आणि धंद्यावरून फुले झाले. त्या काळच्या फुलांचे हार, गजरे, गालिचे वाड्यात जात ते देवासाठी, दरबारासाठी, सणासाठी. एका माणसाने दुसऱ्याला नुसती फुलं पाठवावीत आणि त्यानेही ती पेल्यात खोचून बघत बसावीत, ही चाल आपल्यात उशिरा आली. आपलं फूल माणसाकडे जायचं ते देवाच्या नाहीतर डोक्याच्या वाटेने. मुलाला आईची आठवण आली की तो आईला गुच्छ धाडणार नाही, आईच्या देवाला हार धाडील. आई तो हार देवाला घालील आणि शेजारणीला सांगील की मुलाने पाठवलाय. मला ही रीत गुच्छापेक्षा हुशारीची वाटते, पण मी गुच्छही विकते, तेव्हा जास्त बोलत नाही.

गुच्छ आमच्या दुकानात आला तो पाचगणीमुळे. वाईहून पसरणीचा घाट चढलं की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी. इंग्रजांनी हवा खायला वसवलेलं गाव, तिथे निवासी शाळा निघाल्या, पारशी मंडळींचे बंगले झाले. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. रेल्वे वाठारपर्यंतच, तिथून पुढे सगळा प्रवास वाईवरून. म्हणजे पाचगणीला जाणारं जे काही असेल ते आमच्या दारावरून जायचं. दादांच्या वहीत पाचगणीची पानं वेगळी आहेत आणि त्यांचं अक्षरही जरा जपून काढलेलं आहे. मुंबईच्या, आफ्रिकेतल्या आईबापांची पत्रं यायची. अमुक शाळेत, अमुक वर्गात मुलगी आहे, तिचा तमुक तारखेला वाढदिवस आहे, गुलाब द्यावेत. दवाखान्यातल्या माणसासाठी फुलं मागवली तर दादा उलट टपाली विचारायचे, रोगी खोकतो का? खोकत असेल तर मोगरा, गुलछडी, सोनचाफा काही नाही, बिनवासाचं ॲस्टर. काटे काढलेले गुलाब, तेही देठ आखूड ठेवून, कारण खाटेशेजारच्या टेबलावर पाण्याचा पेला असायचा, फुलदाणी नसायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा लांब देठाचे गुलाब घेऊन गेले तेव्हा पेला उलटताना त्यांनी पाहिला होता.

माहेरची फुलं हा मात्र सगळ्यांत नाजूक मामला. डोहाळजेवण सासरी असलं तरी फुलांची वाडी माहेरची हवी, असा पुष्कळ घरांत आग्रह असायचा. वाडी म्हणजे मुकुट, कर्णफुलं, बाजूबंद, कंबरपट्टा, हातातल्या फुलांच्या बांगड्या, सगळं मोगऱ्याच्या नाहीतर जाईच्या कळ्यांचं. कळ्या उमलण्याआधी गुंफून पूर्ण झालं पाहिजे, आणि बाई पाटावर बसली की त्या उमलायला लागल्या पाहिजेत. हे दुसऱ्या गावाहून करून आणणं अशक्यच. तेव्हा माहेर मिरजेचं असो की मुंबईचं, पैसे आणि मापं तिकडून यायची. कंबरेचं माप सुतळीच्या तुकड्याला गाठ मारून पाकिटात घालून यायचं. सातव्या महिन्याचं माप पाचव्या महिन्यात घेतलेलं असायचं, म्हणून माझी आई ते न मोजता दोन बोटं वाढवून गुंफायची. वाडी इथली, हात आईचे, पण ती नेऊन देताना आईने पदर खोचून सांगायचं, "तुमच्या विहीणबाईंनी पाठवलीय."

१९९० नंतर तळेगाव दाभाडे, मावळकडे प्लॅस्टिकच्या कागदाखाली गुलाब आणि जरबेरा पिकू लागला, फेब्रुवारीत तो परदेशी जाऊ लागला. उरलेला पुण्याच्या बाजारात आणि तिथून आमच्याकडे. वीस-वीसची गड्डी, प्रत्येक कळीवर जाळीची टोपी. हे फूल थंड पेटीत दिवसच्या दिवस टिकतं. दादांच्या घाटाचा नियम त्याने मोडला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा दुकानात कुणाला खबरही नव्हती, कारण तोवर ऑर्डरी मोबाइलवर येत होत्या.

आता त्या संकेतस्थळावरून येतात. न्यू जर्सीतला मुलगा पडद्यावरचं चित्र निवडतो, पैसे तिथे कापले जातात, मधली कंपनी आपला हिस्सा ठेवते आणि उरलेल्यात बसेल ते मी करायचं. चित्रात ऑर्किड असतात. वाईत मंगळवारी ऑर्किड कुठून आणू? अशा एका कंपनीशी माझं कडाक्याचं वाजलंय. पैसे तीन महिन्यांनी, आणि पोच म्हणून फोटो लगेच. दादरच्या अडत्याने पट्टी कधी चार दिवसांवर नेली नव्हती.

परवा धर्मपुरीतल्या एका आजींना असाच गुच्छ द्यायला गेले. अमेरिकेतल्या नातवाने पाठवलेला, अकरा लाल गुलाब, चंदेरी कागद. आजींनी तो हातात घेतला, उलटा करून देठ पाहिले, आणि म्हणाल्या, "हे देवाला कसं वाहू गं? तारेनं आवळलेलं." मी म्हटलं, आजी, हे तुम्हाला पाठवलंय, देवाला नाही. "मला काय करायचंय त्याचं? फोटो काढायचा असेल तो काढ, त्याला बरं वाटेल." फोटो काढला. मग त्यांनी गुच्छ माझ्या हातात परत दिला आणि हिशेब विचारला. गुलाब दुकानात परत नेले तर किती वळते होतील, आणि तेवढ्यात जास्वंदीचा हार आणि एकवीस दूर्वांची जुडी किती मंगळवार येईल. आम्ही दारातच उभ्या राहून बोटांवर मोजलं. सहा मंगळवार बसत होते. आजी म्हणाल्या, सात कर, नातवाला दर वेळेला सांगते तुझं नाव.