ज्यूद्वेष गुन्हा केव्हा ठरतो? एक लेखक, दोन न्यायालये

१/ ११ एप्रिल २०००. लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला : डेव्हिड अर्व्हिंग हा ज्यूद्वेष्टा व वंशवादी असून त्याने ऐतिहासिक पुराव्यांची हेतुपुरस्सर मोडतोड केली आहे. इतके सिद्ध होऊनही त्याला एका दिवसाचीही कैद झाली नाही.

२/ कारण तो आरोपी नव्हताच, वादी होता! अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी आपल्या ग्रंथात त्याला ज्यूंचे हत्याकांड नाकारणारा म्हटले, म्हणून १९९६ मध्ये त्यानेच त्यांच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडमध्ये अशा दाव्यात आपले विधान खरे असल्याचे प्रतिवादीलाच सिद्ध करावे लागते. मग रिचर्ड इव्हान्स आणि त्यांच्या साहाय्यकांनी अर्व्हिंगच्या तळटीपा मूळ जर्मन कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. चुकीची भाषांतरे, गाळलेला मजकूर, आणि प्रत्येक ‘चूक’ हिटलरच्या बाजूने झुकणारी. (तळटीपा वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.)

३/ ब्रिटनमध्ये हत्याकांड नाकारणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. ते संतापजनक आहे, पण तेवढ्याने पोलीस येत नाहीत. ज्यू म्हणून एखाद्याला नोकरी नाकारली, तर १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने ते बेकायदेशीर होते. मात्र उपाय नुकसानभरपाईचा, तुरुंगाचा नव्हे. धमकीच्या वा शिवीगाळीच्या भाषेत वांशिक द्वेष चेतवला, तर १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरे.

४/ ऑस्ट्रियाची गोष्ट निराळी. हा हिटलरच्या जन्माचा देश. १९३८ मध्ये व्हिएन्नात त्याचे स्वागत जल्लोषात झाले होते. १९४७ च्या कायद्याने तेथे नाझी विचारांच्या पुनरुज्जीवनावर बंदी आहे. अर्व्हिंगने १९८९ मध्ये तेथे भाषणे देऊन ऑश्विट्झमधील विषारी वायूच्या कोठड्या नाकारल्या होत्या. नोव्हेंबर २००५ मध्ये तो पुन्हा त्या देशात आला आणि पकडला गेला. गुन्हा कबूल करूनही फेब्रुवारी २००६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात अपील न्यायालयाने उरलेली शिक्षा स्थगित करून त्याला सोडले.

५/ त्या कैदेला जाहीर विरोध करणाऱ्यांत स्वतः लिपस्टाट होत्या. असत्याशी इतिहासाने लढावे, सेन्सॉरशिपने नव्हे, ही त्यांची भूमिका. मला ती पटते. पण ज्या शहरातून हजारो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडले गेले, तेथील कायदेमंडळाला ती अपुरी वाटली, हेही समजण्यासारखे आहे.