तिघेच का?

ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या चांद्रकादंबरीतील तोफगोळा आरंभी निर्मनुष्यच होता. व्यास ९ फूट, ॲल्युमिनिअमची भिंत १ फूट जाड. म्हणजे आत उरतात जेमतेम ७ फूट. पुढे मिशेल आर्दांची तार येते, माणूस बसावा म्हणून गोळा लांबट होतो; पण तोफेचे तोंड ठरलेले, रुंदी वाढणार कशी? त्यात तीन पुरुष, दोन कुत्री, शिवाय (आर्दांने चोरून आणलेल्या) कोंबड्या!

१९६९मध्ये अपोलो-११मधूनही तिघेच गेले, म्हणून व्हर्नला द्रष्टा म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ती पटत नाही. बार्बिकेन आणि निकोल द्वंद्वयुद्धास सिद्ध झाले होते. दोघांनाही सोबत येण्याचे आमंत्रण देऊन आर्दांने ते मिटवले. तीन हा आकडा आला तो या समेटातून.