पितळेच्या पातेल्यातलं दूध

लिव्हर सिरॉसिस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वर्षानुवर्षं दारू पिणारा पन्नाशीचा माणूस येतो. आजच्या भागातला पेशंट दीड वर्षाचा आहे. त्याच्या लिव्हरचा बारीकसा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर पेशींमध्ये मॅलरी हायलिन नावाचे गोळे दिसतात. दारूने खराब झालेल्या लिव्हरमध्ये दिसतात, तेच. आणि या बाळाने आयुष्यात दुधाशिवाय फारसं काही प्यायलेलं नाही.

या आजाराचं नाव इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस. डॉक्टर लोक त्याला आयसीसी म्हणतात, क्रिकेटवाली नव्हे. तुमच्या-माझ्या पिढीने हे नाव ऐकलेलं नसतं. पण घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिला विचारून बघा, 'लिव्हर वाढून गेलेलं' एखादं मूल नात्यात किंवा शेजारी आठवतं का.

आजार साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांना व्हायचा. सुरुवात अगदी साधी. मूल किरकिर करतं, खात नाही, बारीक ताप येतो, पोट पुढे येतं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला की लिव्हर दगडासारखं कडक लागायचं, त्याची कड धारदार लागायची. मग कावीळ, मग पोटात पाणी. कावीळ दिसली की बहुतेक मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायची. एका घरातलं एक मूल गेलं की पाठच्या भावंडालाही तेच होण्याची भीती असायची, आणि ती भीती खोटी नव्हती. मद्रासच्या जम्मी यांचं 'लिव्हर क्युअर' नावाचं औषध त्या काळात घराघरात माहीत होतं, यावरून आईबापांची धास्ती समजते.

वैद्यकीय नोंद जुनी आहे. 1887 साली कलकत्त्याच्या मेडिकल सोसायटीपुढे सेन नावाच्या डॉक्टरांनी 'इन्फंटाइल लिव्हर' म्हणून याचं वर्णन केलं. तिथपासून जवळजवळ नव्वद वर्षं कारणाचा शोध चालू राहिला. आईचं दूधच दूषित आहे, असं एक मत (आईवर खापर फोडायला आपल्याकडे पुरावा कधीच लागला नाही). मग कुपोषण, मग काविळीचा व्हायरस, मग आनुवंशिकता. 1970 च्या आसपास म्हैसूरच्या संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठातलं अफ्लाटॉक्सिन पुढे आणलं. प्रत्येक थिअरीच्या बाजूने थोडा डेटा होता. पण सगळ्या केसेसना पुरेल अशी एकही नव्हती.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे पेशंट कोण होते ती. आपल्याकडे लहान मुलांचा आजार म्हटला की तो गरिबाघरचा, असं आपण धरून चालतो. हा तसा नव्हता. गावातली किंवा छोट्या शहरातली, खाऊनपिऊन बरी असलेली हिंदू कुटुंबं, त्यातही ब्राह्मण आणि व्यापारी समाज यांत तो जास्त दिसायचा. अगदी गरीब घरात कमी. त्यामुळे कित्येकांनी सरळ निष्कर्ष काढला की हे रक्तातच आहे. पण जात आणि पैसा यांच्याबरोबर घरातल्या आणखी बऱ्याच गोष्टी बदलतात. स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा. हे बरीच वर्षं कुणाच्या नीट लक्षात आलं नाही.

धागा मिळाला तो एका रंगामुळे. ऑर्सीन नावाचा रंग त्या काळात हेपटायटिस बी शोधायला लिव्हरच्या नमुन्यांवर वापरायचे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या गटाने तो आयसीसीच्या नमुन्यांवर टाकला, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कणांची गर्दी दिसली. 1978 साली त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. ते कण व्हायरसचे नव्हते. तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात, एकापाठोपाठ एक, दोन पेपर आले. एक स्टुअर्ट टॅनर आणि सहकाऱ्यांचा, ज्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित होते. दुसरा हान्स पॉपर यांच्या गटाचा, ज्यात भारतीय पॅथॉलॉजिस्ट एन. सी. नायक होते. दोन्हींचं सांगणं एकच: या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या वाळवलेल्या लिव्हरच्या एका ग्रॅममध्ये तांबं साधारण 50 मायक्रोग्रॅमच्या आत असतं. इथे आकडे शेकड्यांत आणि हजारांत होते.

आता तांबं साठतंय हे कळलं, पण ते येतंय कुठून? विल्सन्स डिसीज नावाच्या आनुवंशिक आजारातही लिव्हरमध्ये तांबं साठतं, पण तो सहसा एवढ्या लहान मुलांत दिसत नाही आणि त्याच्या तपासण्याही इथे जुळत नव्हत्या. म्हणजे एकतर शरीर तांबं बाहेर टाकत नाही, किंवा आत फारच येतंय. किंवा दोन्ही.

इथून गोष्ट रास्ता पेठेत येते. केईएममध्ये डॉ. पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी टॅनरबरोबर जे काम केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात भारी वाटतं. कारण त्यात महागडं मशीन नाही. त्यांनी आयांना विचारलं. अंगावरचं दूध किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? ते तापवलं कशात, ठेवलं कशात? मग तेच प्रश्न आजारी नसलेल्या मुलांच्या आयांना विचारले आणि उत्तरं जोडीजोडीने ताडून पाहिली. डिबगिंग करणाऱ्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल: बिघडलेला आणि न बिघडलेला, दोन्हींचे लॉग शेजारी शेजारी ठेवायचे.

1983 च्या पेपरमध्ये उत्तर आलं. आयसीसी झालेल्या मुलांना वरचं दूध खूप लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडे पितळेत आंबट पदार्थ ठेवत नाहीत, ते कळकतात, हे प्रत्येक घरात माहीत होतं. म्हणून तर कल्हई करायची. कल्हईवाला भांडं तापवणार, नवसागर टाकणार, कथील फिरवून कापडाने चकचकीत करणार. पण कल्हई झिजते, आणि सगळ्याच भांड्यांना ती वेळेवर होत नाही. शिवाय दूध आंबट नाही. ते कळकलेलं दिसत नाही, चवीला तसं लागत नाही, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. पुढे 1989 मध्ये ओ'नील आणि टॅनर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की पितळेच्या भांड्यातलं तांबं दूध चांगलंच ओढून घेतं आणि ते दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटून बसतं. गाईच्या मूळ दुधात तांबं नगण्य असतं. सगळं भांड्यातून येत होतं.

आणि ते जात होतं कुणाच्या पोटात? शरीरातलं जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर पडतं, पण तान्ह्या बाळात ही व्यवस्था अजून पूर्ण तयार नसते. त्यात नवजात बाळाच्या लिव्हरमध्ये जन्मतःच तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. त्यावर रोज चार-पाच वेळा असं दूध. बरं, पितळेची भांडी आणि वरचं दूध दोन्ही परवडणारी घरं कोणती? तीच, खाऊनपिऊन बरी असलेली. बाळाला लवकर पौष्टिक दूध मिळावं म्हणून केलेली तजवीजच त्याला भोवत होती.

एकीकडे उपचाराचा प्रश्न होता. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातलं तांबं पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. जॉन वॉल्श यांनी 1956 साली ते विल्सन्स डिसीजसाठी पुढे आणलं होतं. पुण्याच्या टीमने आयसीसीवर त्याच्या ट्रायल्स घेतल्या आणि 1987 मध्ये निष्कर्ष छापले. औषध लवकर, म्हणजे कावीळ होण्याआधी, सुरू झालं तर मृत्यू कमी होत होते. उशीर झाला तर फारसा उपयोग नव्हता. आधीच्या काळात निदान झालं की डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काहीच नसायचं, हे लक्षात घेतलं तर एवढंही खूप होतं.

पण यातला खरा धक्का नंतरचा आहे. सिरॉसिस म्हणजे लिव्हरभर वण पडणं, ज्याला फायब्रोसिस म्हणतात. एकदा वण पडला की तो कायमचा, अशी समजूत डॉक्टरांमध्येही पक्की होती. केईएमच्या टीमने वाचलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि पुन्हा पुन्हा बायोप्सी पाहिल्या. 1995 साली छापलेल्या त्यांच्या पेपरमध्ये टप्पे दिसतात: आधी सळसळता आजार, मग शांत झालेला सिरॉसिस, आणि शेवटी काही मुलांत जवळजवळ नॉर्मल लिव्हर. ज्यामुळे जखम होते ते काढून घेतलं, तर लहान मुलाचं लिव्हर स्वतःचे वण पुसू शकतं. आज लिव्हर आणि फुप्फुसांच्या फायब्रोसिसवर औषधं शोधणारे लोक वण मागे फिरवता येतो का याच प्रश्नाशी झगडतायत. पुण्यातल्या या मुलांच्या बायोप्सीमध्ये तसं प्रत्यक्ष घडलेलं दिसतं.

आजार गेला कसा? डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यात घरोघरी सल्ला पोचवला, की अंगावरचं दूध जास्त दिवस पाजा, वरचं दूध पितळेत ठेवू नका. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठं काम स्टीलने केलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बायकांनी मोडीत पितळ देऊन स्टीलची भांडी घेतली. घासायला सोपी, कल्हईचा खर्च नाही, एवढंच कारण. नव्वदच्या दशकापर्यंत आयसीसी बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला.

मात्र 'इंडियन' हे विशेषण तेवढं खरं नाही. ऑस्ट्रियाच्या टिरॉल भागात 1900 ते 1974 दरम्यान असाच आजार 138 बाळांना झाल्याचं 1996 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. तिथे गाईचं दूध पाण्यात मिसळून, साखर घालून, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळायचे. भांडी बदलली, आजार संपला. मात्र त्या संशोधकांना कुटुंबांमध्ये आनुवंशिक साखळीही दिसली. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, तरी तिथे लहान मुलं लिव्हरने दगावल्याचं आढळलं नाही. म्हणजे तांबं आणि एखादा जीन, दोन्ही एकत्र यावे लागत असणार.

यावर वादही झाला. ज्यांच्या घरात पितळच नव्हतं अशाही केसेस नोंदल्या गेल्या. आणि 1979 च्या पेपरमधलेच डॉ. नायक, त्यांनी 2013 मध्ये लिहिलं की तांबं हेच मूळ कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही, ते नुकसानानंतर साठत असेल. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. आजार होता तेव्हा जीन तपासायची साधनं नव्हती, आणि साधनं आली तेव्हा पेशंट उरले नव्हते. तरी भांडी बदलल्यावर दोन वेगवेगळ्या देशांत आजार थांबला, हे माझ्यासाठी जास्त वजनदार आहे.

जाता जाता एक. सध्या रीलवर पितळेची पातेली परत फॅशनमध्ये आली आहेत, त्यामुळे कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच. मोठ्या निरोगी माणसाने तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्यायलं तर हा आजार होतो, असं यातलं कुठलंच संशोधन सांगत नाही. पण घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध स्टीलमध्येच तापवा, बिनकल्हईच्या पितळेत अजिबात नको. चला, भेटू पुढच्या भागात.