अशुद्ध इंग्रजीचा राग

लेखनांतील चूक पाहून सुशिक्षित मनुष्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती फार जुनी आहे. दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जांत, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत आणि आतां भ्रमणध्वनीवरील निरोपांत चुकीचें इंग्रजी दिसलें, कीं वाचणाऱ्यास मजकुराचा विसर पडतो आणि ती चूक तेवढी डोळ्यांत खुपत राहते. अशा चुकांत अग्रस्थान ॲपॉस्ट्रॉफी या चिमुकल्या चिन्हास दिलें पाहिजे. 'इट्स' या उच्चाराचे इंग्रजींत दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ 'त्याचें'. तो चिन्हावांचून लिहावयाचा. दुसऱ्याचा अर्थ 'तें आहे'. त्यांत चिन्ह हवें. या दोहोंची अदलाबदल रोज लक्षावधि हातांनीं होत असते. या चिन्हाच्या रक्षणार्थ एका निवृत्त पत्रकारानें २००१ सालीं इंग्लंडांत एक मंडळीच स्थापन केली. २०१९ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, अज्ञान आणि आळस यांचाच अखेर जय झाला असें खेदानें म्हणून त्यानें तें काम थांबविल्याचें जाहीर केलें.

त्या वृद्ध गृहस्थाविषयीं आम्हांस आदर वाटतो. परंतु अशा रागाच्या मुळाशीं एक समजूत असते, ती तपासून पाहण्यासारखी आहे. ती समजूत अशी कीं, पूर्वीं लोक शुद्ध लिहीत असत व आतां भाषा बिघडली. इतिहास काय सांगतो?

प्रथम 'इट्स' याच शब्दाचा वृत्तांत पाहूं. 'त्याचें' या अर्थाचा हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रंथांत जवळजवळ आढळतच नाहीं. नपुंसकलिंगासही पुल्लिंगाचाच 'हिज' हा शब्द चालत असे. १६११ सालीं राजाज्ञेनें छापलेल्या बायबलाच्या सुप्रसिद्ध भाषांतराच्या मूळ आवृत्तींत हा शब्द एकदांही नाहीं; पुढील काळांतील मुद्रकांनीं तो एका ठिकाणीं घातला. नवा शब्द रूढ होऊं लागला, तेव्हां कित्येक चांगले लेखक त्यांत ॲपॉस्ट्रॉफी घालीत, आणि कोणी त्यांस हंसत नसे. १७८७ सालच्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या हस्तलिखितांत, पहिल्या कलमाच्या दहाव्या परिच्छेदांत, 'त्याचें' या अर्थीं हा शब्द चिन्हासह लिहिलेला आजही पाहावयास मिळतो. ज्या चुकीबद्दल आज उमेदवाराचा अर्ज बाजूस सारला जातो, ती एका राष्ट्राच्या पायाभूत लेखांत सुखानें नांदत आहे!

दुसरी गोष्ट अशी कीं, भाषा बिघडल्याची तक्रारही आजची नव्हे. १७१० सालीं जोनाथन स्विफ्टनें 'टॅटलर' पत्रांतून तोडक्या शब्दांवर हत्यार उपसलें. एका लांब लॅटिन शब्दप्रयोगाचें शेपूट तोडून केलेला 'मॉब' हा शब्द त्याला मुळींच खपत नसे. १७१२ सालीं त्यानें कोषाधिपति लॉर्ड ऑक्सफर्ड यांस प्रकट पत्र लिहून भाषा शुद्ध व कायम करण्यासाठीं एक मंडळ नेमण्याची सूचना केली. दोन वर्षांनीं ॲन राणी वारली, मंत्रिमंडळ बदललें, आणि तें मंडळ कधींच निघालें नाहीं. 'मॉब' मात्र जिवंत राहिला. पुढें १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सन याचा कोश बाहेर पडला. आरंभीं भाषा स्थिर करण्याची आशा त्यालाही होती. परंतु प्रस्तावनेंत त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे, कीं शब्दांस बदलण्यापासून थोपविणें कोणत्याही कोशकाराच्या आवांक्याबाहेरचें आहे.

मग नियम आले कोठून? त्यांतील बरेचसे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ग्रथित झाले. १७६२ सालीं रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकानें एक छोटेखानी व्याकरण लिहिलें. हा गृहस्थ पुढें लंडनचा बिशप झाला. त्याच्या पुस्तकाची मौज तळटीपांत आहे. तेथें शेक्सपिअर, मिल्टन, ॲडिसन, पोप अशा एकाहून एक थोर लेखकांच्या चुका त्यानें मांडून दाखविल्या आहेत. भाषाशुद्धीसाठीं तळमळणारा स्विफ्टही त्यांतून सुटला नाहीं! त्या काळीं शिष्ट समाजांत सर्रास चालणारा 'यू वॉज' हा प्रयोग लाउथनें त्याज्य ठरविला. एका वाक्यांत दोन नकार आले तर ते परस्परांस मारक होतात, हा नियम त्यानें पुढील आवृत्तींत घातला. वस्तुतः चॉसर व शेक्सपिअर यांनीं दुहेरी नकार जोर आणण्यासाठीं मोकळेपणानें वापरला होता.

व्यापारानें वर आलेल्या नव्या मध्यम वर्गास अशीं पुस्तकें हवींच होतीं. कुळाचा आधार नसलेल्या मनुष्यास शुद्ध भाषा ही प्रतिष्ठेची सनद वाटे. १७९५ सालीं यॉर्कजवळ राहणाऱ्या लिंडले मरे या अमेरिकन गृहस्थानें एका मुलींच्या शाळेसाठीं व्याकरण रचलें, आणि त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या. ज्यास तें पुस्तक पाठ, तो आंतला. ज्यास नाहीं, तो बाहेरचा.

'बाहेरचा' असण्याची किंमत लहान नव्हती. १७९३ सालीं शेफील्ड येथील लोकांनीं प्रतिनिधित्वाच्या सुधारणेसाठीं केलेला अर्ज, त्याची भाषा सभागृहाचा अवमान करणारी आहे या कारणास्तव, हाउस ऑफ कॉमन्सनें दाखल करून घेतला नाहीं. आक्षेप सभ्यतेचा होता, व्याकरणाचा नव्हता, हें खरें; पण सभ्य भाषा कोणती हें ठरविण्याचा अधिकार, ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें होतें त्यांच्याच हातीं होता.

हें मर्म विल्यम कॉबेट यानें ओळखलें. शेतकऱ्याचा हा मुलगा रोजच्या सहा पेन्सांवर शिपाईगिरी करीत असतां त्यानें लाउथचें व्याकरण नकलून काढलें व पहाऱ्यावर उभा राहून घोकलें. पुढें त्याच्या लेखणीस सरकार भिऊं लागलें. १८१७ सालीं तुरुंग टाळण्यासाठीं तो अमेरिकेस गेला, आणि तेथें त्यानें शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर व नांगर हांकणारीं पोरें यांच्यासाठीं मुलास लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें एक व्याकरण रचलें. तें १८१८ सालीं प्रसिद्ध झालें. चुकांचे नमुने म्हणून त्यानें काय निवडावें? राजाचीं भाषणें, आणि लॉर्ड कॅसलरे व ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचे लेख! जे व्याकरणाच्या बळावर गरिबांस गप्प बसवितात, त्यांस तरी तें कोठें येतें, हा त्याचा रोकडा सवाल होता. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, कॉबेटनें व्याकरण झुगारून दिलें नाहीं. तें नांगरवाल्याच्या हातीं दिलें.

या इतिहासाचा धागा आमच्या घरापर्यंत येतो. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें याच मरेचा आदर्श पुढें ठेवून. आणि आमच्या गद्यांतील विरामचिन्हेंही मेजर कॅंडी याच्या खटपटीनें इंग्रजींतूनच आलीं. शुद्धीचा नियम काळानुसार कसा फिरतो, हेंही आम्हीं घरींच पाहिलें आहे. जो अनुच्चारित अनुस्वार न देणें ही एके काळीं चूक होती, तो १९६२ सालच्या नियमांनंतर देणें ही चूक झाली.

तर मग नियम व्यर्थच काय? आमचें मत तसें नाहीं. रस्त्यानें डाव्या बाजूनें चालावें कीं उजव्या, हें मूळांत कोणीतरी ठरविलेलेंच असतें. पण एकदां ठरल्यावर तें पाळण्यांत सर्वांची सोय असते. लेखनाचे नियम या जातीचे आहेत. वाचणाऱ्यास अडखळूं न देणें हें लिहिणाऱ्याचें कर्तव्य आहे, आणि ज्यानें वेळ असून पुन्हां वाचून पाहिलें नाहीं, त्यावर थोडा राग धरण्यास हरकत नाहीं. चिन्ह चुकल्यामुळें अर्थच फिरत असेल, तर तें स्पष्ट सांगितलेंही पाहिजे. परंतु एका चिन्हावरून माणसाची बुद्धि, कूळ व लायकी यांचा निवाडा करणें हें व्याकरणाचें काम नव्हे. आमच्या देशांत तर इंग्रजी ही बहुतेकांस मोठ्या कष्टानें मिळविलेली परभाषा आहे. घरांत पहिल्यानेंच शिकलेल्या मुलानें तींत लिहिलेला अर्ज चुकला म्हणून हंसणाऱ्यानें, सहा पेन्सांवर राहून पहाऱ्यावर व्याकरण घोकणाऱ्या त्या शिपायाची आठवण ठेवावी. चूक दाखवावी ती कॉबेटप्रमाणें, दुसऱ्यास लिहितें करण्यासाठीं.