रने फाल्कोनेत्ती : कागद आणि रिळे काय सांगतात

चित्रपटाच्या इतिहासात रने फाल्कोनेत्तीची ओळख एका ठरलेल्या कहाणीतून करून दिली जाते. पॅरिसच्या रंगभूमीवर हलकीफुलकी कामे करणारी एक नटी. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायरने तिला हेरले, दगडी फरशीवर तासन् तास गुडघे टेकायला लावून तिच्या चेहऱ्यावर वेदना उमटवली आणि तिच्याकडून 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' करून घेतला. या अनुभवाने ती इतकी खचली की पुन्हा कधी अभिनयाकडे वळलीच नाही, म्हणून तो तिचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. कहाणी ऐकायला चटका लावणारी आहे. उपलब्ध कागदपत्रांशी ताडून पाहिली, तर तिचा बराचसा भाग टिकत नाही.

सुरुवात जन्मापासूनच करावी लागते. जुन्या संदर्भग्रंथांत तिचे जन्मस्थान कॉर्सिका बेटावरचे सेर्मानो हे गाव म्हणून छापलेले आढळते. आडनाव तिकडचे असल्याने ते सहज खपूनही गेले. प्रत्यक्षात ती पॅरिसला लागून असलेल्या पाँतँ या उपनगरात 21 जुलै 1892 रोजी जन्मली. पूर्ण नाव रने जान फाल्कोनेत्ती. पुढे जी भूमिका तिला अमर करणार होती, त्या जोनचे फ्रेंच नाव जान. ते तिच्या नावात जन्मापासून होते, हा निव्वळ योगायोग. तारीख मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1927 च्या उन्हाळ्यात चित्रीकरण चालू असताना तिला 35 वर्षे पूर्ण झाली. पडद्यावर ती साकारत होती ती एकोणीस वर्षांची मुलगी. तेव्हा ड्रायरसमोर उभी होती ती नवखी पोर नव्हती, दहा-बारा वर्षे रंगभूमीवर मुरलेली नटी होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ती पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात काम करत होती. 1917 साली तिने दोन मूकपट केले : 'ला काँतेस द सोमरीव्ह' आणि 'ल क्लून'. 'पहिला आणि शेवटचा चित्रपट' हे विधान या दोन नावांनीच निकालात निघते. 1924 मध्ये तिला कोमेदी फ्रान्सेझ या नाट्यसंस्थेत प्रवेश मिळाला. फ्रान्समधल्या कोणत्याही नटाला याहून मोठे घर नाही. तिथे ती फार काळ रमली नाही. पॅरिसच्या खासगी नाट्यगृहांत तिला मागणी होती आणि तिने तोच रस्ता धरला.

ड्रायर पॅरिसला आला तो सोसिएते जेनेराल द फिल्म या संस्थेच्या बोलावण्यावरून. फ्रान्सच्या इतिहासातली एक स्त्री निवडायची होती. मारी आंत्वानेत, कॅथरीन द मेदिची आणि जोन ही तीन नावे समोर होती. जोनला 1920 मध्येच संतपद मिळाले होते आणि त्याच सुमारास अभ्यासक पिएर शांपियों यांनी तिच्यावरच्या 1431 च्या रूआँ येथील खटल्याची कागदपत्रे संपादून प्रसिद्ध केली होती. संस्थेने जोझेफ देल्तेय यांच्या पुस्तकाचे हक्क घेतले होते, पण ड्रायरने ते जवळजवळ बाजूला ठेवले आणि खटल्याच्या नोंदीच पटकथेचा आधार केल्या. शांपियों स्वतः सल्लागार झाले. चित्रपटाची सुरुवातही त्या हस्तलिखिताची पाने उलटण्यापासून होते. कित्येक आठवड्यांचे प्रश्नोत्तर एका दिवसात बसवले, पण प्रश्न आणि उत्तरे बहुतांशी त्या दफ्तरातली आहेत.

निवड कशी झाली, हे ड्रायरने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. रंगमंचावरच्या हलक्याफुलक्या भूमिकेतल्या फाल्कोनेत्तीने तो फारसा प्रभावित झाला नाही. मग तो तिला भेटला, चेहऱ्यावरचा रंग उतरवून तिची चाचणी घेतली, तेव्हा त्याला हवी ती शेतकऱ्याची सोशिक, खरी मुलगी त्या चेहऱ्यात दिसली. अखेर सगळ्याच नटांना रंगभूषेविना उभे केले गेले. रुडोल्फ माते यांच्या कॅमेऱ्यात पॅन्क्रोमॅटिक फिल्म होती. त्वचेचे बारकावे, सुरकुत्या, घाम सगळे ती टिपत होती. न्यायाधीश कोशोंच्या भूमिकेत कोमेदी फ्रान्सेझचे ज्येष्ठ नट अजेन सिल्व्हँ होते, तर तरुण धर्मगुरूच्या भूमिकेत आंतोनँ आर्तो.

आता छळाच्या कथेकडे. जोनचे केस कापण्याचा प्रसंग खरा होता, त्यात शंका नाही. वेशभूषेचे काम पाहणाऱ्या व्हालांतीन ह्यूगो यांनी 1927 मध्येच 'सिने-मिरवार' या नियतकालिकात त्या दिवसाबद्दल लिहिले. शस्त्रक्रियेच्या खोलीत असावी तशी शांतता होती, कामगार आणि तंत्रज्ञ हेलावून गेले होते. प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाची, त्याच वर्षी छापलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे वजन मोठे. ड्रायर कठोर होता, एकेक दृश्य पुन्हा पुन्हा घेत असे, चित्रण कथेच्या क्रमाने चाले, हेही मान्य. पण गुडघ्यांवर तासन् तास उभे करून भाव पिळून काढल्याची गोष्ट कथा-दंतकथांच्या वाटेने फिरत आली आहे. ड्रायरने 1960 च्या दशकात 'काइये द्यू सिनेमा'च्या मुलाखतीत कामाची पद्धत सांगितली, ती वेगळी आहे. चित्रित झालेले तुकडे दोघे मिळून पडद्यावर पाहत. त्यातला एखादा छोटा क्षण नेमका साधलेला असे. बाकी सगळे टाकून त्या क्षणापासून नव्याने सुरुवात करत. हे वर्णन छळाचे नाही, दोन जाणत्या माणसांनी केलेल्या शोधाचे आहे.

याहून बळकट पुरावा रिळांच्या इतिहासात आहे. चित्रपट 21 एप्रिल 1928 रोजी कोपनहेगनला पहिल्यांदा दाखवला गेला. पॅरिसमध्ये तो ऑक्टोबरमध्ये लागला, पण त्याआधी चर्च आणि सरकारी परीक्षकांच्या आग्रहाने त्याला कात्री लागली होती. डिसेंबर 1928 मध्ये बर्लिनच्या ऊफा कंपनीकडे लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाले. नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की विझवता येत नाही. ड्रायरने मग न वापरलेल्या, उरलेल्या चित्रणातून चित्रपट पुन्हा जुळवला. 1929 मध्ये ती निगेटिव्हही आगीत गेल्याचे सांगितले गेले. पुढे 1951 मध्ये चित्रपट-अभ्यासक लो द्यूका यांना गोमाँ कंपनीच्या साठ्यात याच दुसऱ्या आवृत्तीचे साहित्य मिळाले. त्यांनी त्यावर बारोक संगीत चढवून नवी प्रत काढली आणि ती ड्रायरला मुळीच पसंत नव्हती.

याचा अर्थ असा, की अनेक दशके जगभरच्या प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्याची स्तुती केली, तो बऱ्याचदा ड्रायरने आधी निवडलेल्या तुकड्यांतला चेहरा नव्हता. मागे ठेवलेल्या तुकड्यांतला होता. 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात, देखभाल करणाऱ्याच्या कपाटात, काही डबे सापडले. ते नॉर्वेच्या चित्रपट संस्थेकडे गेले आणि तिथे सुमारे तीन वर्षे तसेच पडून राहिले. उघडल्यावर वेष्टनावर डॅनिश सेन्सॉरची 1928 ची नोंद दिसली : कात्री लागण्यापूर्वीची पहिली आवृत्ती. या प्रतीमुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता आल्या. दोन्हींत तीच तीव्रता, तेच डोळे, तेच संयमित ओठ. थकव्याने किंवा वेदनेने एखाद्या क्षणी आपोआप उमटलेला भाव असता, तर तो पुन्हा पुन्हा घेतलेल्या दृश्यांत सारख्याच ताकदीने टिकला नसता. सातत्य हे कसबाचे लक्षण आहे, आणि फाल्कोनेत्तीच्या कसबाचा याहून वस्तुनिष्ठ पुरावा मला ठाऊक नाही.

'पुन्हा अभिनय केला नाही' हे विधानही चूक आहे. ती पडद्यावर परतली नाही, एवढेच खरे. 1920 च्या दशकाअखेर तिने तेआत्र द लाव्हेन्यू हे नाट्यगृह स्वतः चालवायला घेतले आणि त्यात मोठी रक्कम गमावली. नोव्हेंबर 1935 मध्ये नट-दिग्दर्शक लुई जूव्हेने तेआत्र द लातेने येथे नाटककार जाँ जिरोदूचे ट्रॉयच्या युद्धावरचे नाटक आणले, तेव्हा आंद्रोमाकची भूमिका तिच्याकडे होती आणि आंद्रोमाकचा पती हेक्टर याच्या भूमिकेत स्वतः जूव्हे. युद्ध दाराशी आलेल्या युरोपात शांततेसाठी धडपडणाऱ्या पत्नीची ती भूमिका होती. ज्या नटीने 1928 नंतर काम सोडले असे पुस्तके सांगतात, ती सात वर्षांनी फ्रान्समधल्या त्या काळच्या सर्वांत चर्चिल्या गेलेल्या नाटकांपैकी एकात उभी होती.

दुसऱ्या महायुद्धात ती फ्रान्स सोडून स्वित्झर्लंडला आणि तिथून दक्षिण अमेरिकेत, आधी ब्राझील आणि मग अर्जेंटिनाला गेली. 12 डिसेंबर 1946 रोजी ब्वेनोस आइरेसमध्ये ती वारली. वय चौपन्न. 1962 मध्ये दिग्दर्शक गोदारच्या 'व्हीव्र सा व्ही' या चित्रपटात नाना ही नायिका अंधाऱ्या चित्रपटगृहात फाल्कोनेत्तीची जोन पाहते आणि रडते. एका नव्या पिढीला हा चेहरा तिथे भेटला. 1987 मध्ये तिची मुलगी एलेन हिने आईचे चरित्र लिहिले.

नटीचे श्रेय दिग्दर्शकाच्या क्रूरतेला देणे सोपे असते, कारण त्यात नटीने काही केले असे मानावे लागत नाही. फाल्कोनेत्तीबाबत ही सोय कागदपत्रे आपल्याला देत नाहीत. ती दोन दशके रंगभूमीवर काम करणारी व्यावसायिक नटी होती, तिने 'जोन'पूर्वी दोन मूकपट केले आणि नंतरही रंगमंचावर मोठी कामे केली. ज्या कामासाठी जग तिला ओळखते, ते तिने समजून-उमजून, डोळे उघडे ठेवून केले. चित्रपट पाहायचा ठरवलात, तर ऑस्लोच्या प्रतीवरून तयार केलेली आवृत्ती मिळवा आणि तिला 'ड्रायरचा शोध' म्हणण्यापूर्वी 'पॅरिसची नटी' म्हणा.